पुढे नेहमीचं

३ मार्च, मंगळवार

प्रिय शेपूट,

तुझा नवरा सापडला.

हे वाचून पत्र फेकू नकोस. माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न फोडता खालच्या शिंपीणकाकूंकडे परत देशील, म्हणून पत्ता टाइप केला आहे. सोळा वर्षं टपाल वाटलेल्या बाईला असं फसवता येत नाही, हे माहीत असूनही. तू नुसतं पाकीट चाचपून सांगायचीस, आत आमंत्रण आहे की भांडण. ह्यात भांडण नाही. काय आहे ते मलाही धड सांगता येत नाही.

एका दमात दहा ओळींच्या वर तुला वाचवत नाही. म्हणून ठळक अक्षरात आणि तुकड्यातुकड्यांनी लिहितेय. हवं तिथे थांब.

गेल्या मे महिन्यात मी तुझ्या खोलीत आले होते. तू अंधारात पडली होतीस. हॉस्पिटलचा रिपोर्ट माझ्या हातात देऊन तू चौथ्या ओळीवर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "तायडे, ह्यात माझा नवरा कुठून आला?"

तिथे लिहिलं होतं, 'पतीचे सहकार्य चांगले आहे.'

तू चाळिशीची, बिनलग्नाची, आणि आपल्या मताने सुखी. मी काय म्हणाले, ते तुझ्या लक्षात असेलच. तरी लिहिते. मी म्हणाले, "टायपिस्टची चूक असेल. आमच्यात एकेक महाभाग आहेत. बाकीचं तर बरोबर आहे ना?" मग मी खिडकीचा काळा पडदा ओढून उघडला आणि म्हणाले की डोक्यातलं काढून टाक, डॉक्टर खोटं कशाला लिहितील. तू म्हणालीस, परत येऊ नकोस. एवढंच झालं.

तो महाभाग मी आहे.

आता नीट सांगते. आमच्याकडे डॉक्टर रिपोर्ट तोंडी बोलतात, त्याचं रेकॉर्डिंग आमच्याकडे येतं आणि आम्ही टाइप करतो. गुप्ततेसाठी पेशंटचं नाव कुठेच नसतं, नुसता नोंदणी क्रमांक, तोही यंत्र आपोआप छापतं. जो मजकूर वारंवार लागतो तो एकेका बटणावर बांधून ठेवलेला असतो. बटण दाबलं की अख्खा परिच्छेद कागदावर. माझ्या सात नंबरच्या बटणावर हा परिच्छेद आहे:

'रुग्णाच्या सर्व तपासण्या सामान्य आढळल्या. तक्रारींचे स्वरूप पाहता त्यांचे मूळ मानसिक ताणात असावे. रुग्ण स्वभावाने काळजीखोर आहे. पतीचे सहकार्य चांगले आहे. आजारावरून लक्ष वळवून रोजचे चालणे थोडे थोडे वाढवावे.'

हा मजकूर माझा. वर्षानुवर्षं नुसतं बटण दाबतेय, वाचत नाही, म्हणून मे महिन्यात तुझ्या कागदावर तो ओळखलाही नाही. एकोणीस वर्षांपूर्वी एका बेकरीवाल्या बाईच्या रिपोर्टसाठी रचला. तिचा नवरा खरंच चांगला होता. तिची पिशवी मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. आमचे हं-हं डॉक्टर (ते प्रत्येक वाक्याआधी हं-हं करतात, म्हणून आम्ही टायपिस्टांनी ठेवलेलं नाव) खूश झाले. म्हणाले, "बाई, माझ्यापेक्षा छान लिहिता. हेच ठेवा. यापुढे मी नुसतं 'पुढे नेहमीचं' म्हणेन." हळूहळू बाकीचे डॉक्टरही, काय छापलं जातं ते न बघता, तेच म्हणायला लागले. 'काळजीखोर' हा शब्द तर माझा स्वतःचा. मला त्याचा अभिमान होता. बेकरीवाल्या बाईचं पुढे काय झालं, माहीत नाही. ती परत आली नाही, म्हणून ती बरी झाली असं आम्ही धरलं.

काल नव्या यंत्रणेसाठी प्रत्येक बटण किती ठिकाणी वापरलं गेलं त्याची यादी निघाली. माझं सात नंबर सहाशे अकरा ठिकाणी. मी हसत हसत वाचत होते. एका निवृत्त अग्निशमन जवानालाही मी नवरा दिलाय. तिसऱ्या पानावर माझं हसू जागच्या जागी थांबलं. तुझा क्रमांक होता. तुझ्या रजेच्या अर्जांवर मीच चारदा लिहिलाय तो, मला पाठ आहे.

मी टाइप केल्याची तारीख नऊ एप्रिल. तुझं रक्त घेतल्याची तारीख सोळा एप्रिल.

शेपटे, तुझं रक्त तुझ्या अंगात असतानाच मी 'सर्व तपासण्या सामान्य आढळल्या' असं लिहून मोकळी झाले होते.

वीस तारखेला वैद्यकीय मंडळ बसतंय. त्याच कागदाच्या जोरावर तुला पुन्हा टपालाच्या फेरीवर धाडायचं, रोज एकेक गल्ली वाढवत, असं ठरायचं आहे. गेली नाहीस तर नोकरी जाईल आणि गेलीस तर तू जाशील. मला काहीतरी करायला हवं. काय, ते अजून कळत नाही.

तुझी
तायडी


९ मार्च, सोमवार

प्रिय शेपूट,

तुझं कार्ड मिळालं. दहा महिन्यांनी एक ओळ, तीही वाकडी, झोपून लिहिलेली: 'नवऱ्याला म्हणावं, जिना चढताना बूट वाजवू नकोस.'

ऑफिसात वाचलं. हसले, आणि मग स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुवावं लागलं. पुढचं सांगते.

शुक्रवारी मी हं-हं डॉक्टरांच्या खोलीत गेले. बावीस वर्षांत त्यांच्यापुढे कधी न बोलावता उभी राहिले नव्हते.

म्हटलं, "डॉक्टर, ही पोस्टातली पेशंट. तपासण्या सामान्य आहेत असं आपण रक्त घ्यायच्या सात दिवस आधी लिहिलंय."

"हं हं. मग आल्या ना सामान्य?"

"नंतर आल्या."

"म्हणजे बरोबरच निघालं. ह्याला अनुभव म्हणतात, बाई."

"तिला नवरा नाही."

"हं?"

"रिपोर्टमध्ये आहे."

ते मनापासून हसले. "चला, निदान त्याचं सहकार्य तरी चांगलं आहे!"

त्यांच्या विनोदांना हसणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. त्या दिवशी हसले नाही.

मग म्हटलं, "ती माझी बहीण आहे."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "अहो, मग आधी नाही का सांगायचं? घरची माहिती तुमच्याकडूनच मिळाली असती. लहानपणी काही धक्का वगैरे? हं?"

"लहानपणी ती दिवसभर माझ्या मागे मागे फिरायची. त्याने अकरा दिवस ताप येत नाही, डॉक्टर. आणि तो उतरल्यावर दोन-दोन वर्षं माणूस अंथरुणाला खिळत नाही."

"ताप गेला तेव्हाच आजार गेला. राहिलं ते मन."

"मन तरी तपासलंत का?"

शेपटे, हे मी बोलले. मी! तुला 'डोक्यातलं काढून टाक' म्हणणारी. माणसाचं मन आजारी पडतं, तेही तेवढंच खरं आणि तेवढंच दुखतं. पण मग त्यालाही कुणीतरी समोर बसवून तपासायला हवं ना? आमच्याकडे ज्या खणात काय आहे ते कळत नाही, त्यावर 'मन' अशी चिठ्ठी चिकटवायची आणि खण बंद करायचा. उघडून बघायचे कष्ट कोण घेतो? चिठ्ठ्यांचा छापखाना तर माझ्या बोटाखाली.

डॉक्टर रागावले नाहीत. ते वाईट माणूस असते तर माझं काम सोपं झालं असतं. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाई, काही सापडत नाही तेव्हा माणसाला काहीतरी सांगावं लागतं. 'मला माहीत नाही' असं म्हणून कुणाला घरी कसं पाठवू?"

मी सहाशे अकरा हा आकडा सांगितला. ते "इतके?" म्हणाले. हं-हं केलं नाही. पण मंडळापुढे गेलेला कागद मागे घ्यायला तयार झाले नाहीत. म्हणाले, एक मागे घेतला की बाकीच्यांचं काय सांगू?

मला तर ह्या प्रश्नानेच धडकी भरली.

तायडी


१४ मार्च, शनिवार

शेपूट,

आज 'प्रिय' लिहायचा धीर नाही.

जुनी रेकॉर्डिंग दोन वर्षं ठेवतात. मी नऊ एप्रिलचं काढून ऐकलं. आमचं ऐकायचं काम कसं चालतं ते सांगते. कानात आवाज, बोटं बटणांवर, आणि पायाखाली दोन पेडल: एक थांबवायचं, एक पुढे पळवायचं. काही डॉक्टर पेशंट समोर असतानाच बोलायला लागतात. पेशंटचा आवाज आला की आमचा पाय आपोआप पुढे पळवायच्या पेडलवर जातो. तो आवाज टाइप करायचा नसतो.

ह्या वेळी मी पाय उचलून खुर्चीवर घेतले.

तुझा आवाज तीन मिनिटं दहा सेकंद आहे.

तू म्हणतेस, "मी लिहून आणलंय, डॉक्टर. टपालाच्या जुन्या फेरीपत्रकांवर. रोज काय केलं आणि पुढे काय झालं ते. चालले की त्या दिवशी काही होत नाही, दुसऱ्या दिवशीही निभतं. तिसऱ्या दिवशी पडते. दरवेळी तिसऱ्याच दिवशी."

कागदांची सळसळ. डॉक्टर म्हणतात, "हं हं. एवढं बारीक लिहिता? काळजी फार करता तुम्ही."

तू म्हणतेस, "काळजी नाही हो. सवय आहे. कुठलं पत्र कुठे गेलं ते लिहायचं असतं आम्हाला."

मग तू उजेडाबद्दल सांगतेस, भांड्याच्या आवाजाबद्दल सांगतेस. मध्येच तुला शब्द सापडत नाही आणि तू म्हणतेस, "ते हे... ज्याने जेवतो ते..." आणि डॉक्टर म्हणतात "चमचा", आणि तू म्हणतेस "हां, चमचा. बघा, हेसुद्धा होतं." आणि ते वाक्य संपायच्या आत डॉक्टर मशीनमध्ये म्हणतात, "पुढे नेहमीचं."

तुझा आवाज माझ्या कानात होता, शेपटे. तीन मिनिटं दहा सेकंद. जो आवाज मी रस्त्याच्या पलीकडून खोकला तरी ओळखते, तो मी पायाने पुढे पळवला.

आता दुसरं. पहिल्या पत्रात मी 'पडदा उघडला, एवढंच झालं' असं लिहिलंय. ते खोटं. तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. फक्त कागदाला माहीत नव्हतं.

त्या दिवशी मी तुला उठवलं. चप्पल तुझ्या पायात मी घातली. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत आणि परत, 'रोजचे चालणे थोडे थोडे वाढवावे' ह्या माझ्याच ओळीला धरून. तू दोनदा कठड्याला धरलंस. दुकानापाशी म्हणालीस, "तायडे, इथेच बसू दे, रिक्षा बघ." मी म्हणाले, "नाटकं पुरे. रोज बारा किलोमीटर चालणारी बाई तू." परतल्यावर तू बरी दिसलीस. मी स्वतःवर जाम खूश होते. घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, कुणीतरी जरा कडक व्हायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी शिंपीणकाकूंचा फोन आला. तुला चमचा उचलता येत नाही, काकू भरवताहेत. त्यांनी विचारलं, "काय झालं होतं हो?" मी म्हणाले, "तीन दिवसांपूर्वीच्या चालण्याचा आता काय संबंध?"

त्यानंतर चार महिने तू उठली नाहीस. आणि 'येऊ नकोस' तू त्या फोननंतर काकूंकरवी कळवलंस, खोलीत नव्हे. तेही मी पहिल्या पत्रात फिरवून लिहिलं होतं.

माफी मागायला आलेली नाही. माफीचाही परिच्छेद माझ्याकडे तयार आहे, नऊ नंबरवर. 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' म्हणून ते राहू दे.

वीस तारखेला मंडळाची टिपणं घ्यायची पाळी दुसऱ्या टायपिस्टची होती. मी मागून घेतली आहे.

तायडी


२० मार्च, शुक्रवार

प्रिय शेपूट,

पाकिटाच्या कोपऱ्यात काहीतरी टणक लागलं असेल. इतक्यात ओळखू नकोस. आधी वाच.

चौदा तारखेच्या पत्राला उत्तर आलं नाही. येऊ नये हेच बरोबर.

मंडळ म्हणजे तीन माणसं: भरदार मिशांचे अध्यक्ष (हाडांचे सर्जन), शेवटच्या खुर्चीवर एक तरुण डॉक्टरीणबाई, सर्दीने बेजार, आणि तुमच्या पोस्टाचे साहेब, सारखे घड्याळ बघणारे. कोपऱ्यात मशीनसमोर मी. मंडळात टायपिस्टला बोलायचा अधिकार नाही. ती भिंत असते.

तुझी फाईल निघाली. अध्यक्षांनी माझा परिच्छेद मोठ्याने वाचला. छान लय आहे त्याला, काय सांगू. साहेब म्हणाले, "म्हणजे मानसिक. मग फेरीवर यायला हरकत नाही."

मी उभी राहिले. खुर्ची केवढ्याने वाजली.

"साहेब, तो मजकूर मी लिहिलाय."

"टाइप केलाय," अध्यक्ष म्हणाले.

"टाइप नाही. लिहिलाय. एकोणीस वर्षांपूर्वी, एका बेकरीवाल्या बाईसाठी. ह्या पेशंटला मी पाहिलंही नव्हतं तेव्हा." मग म्हटलं, "पाहिलं होतं. माझी बहीण आहे."

"मग तुम्ही इथे बसायलाच नको होतं!"

"खरं आहे. उठतेच आहे. फक्त एक करा. आपली एखादी तक्रार सांगा. काहीही."

अध्यक्षांना वाटलं माझं डोकं फिरलंय. पण डॉक्टरीणबाई नाक पुसत म्हणाल्या, "सर, गुडघ्याचं सांगा ना. सकाळपासून आम्हाला सांगताय."

"उजवा गुडघा," अध्यक्ष वैतागून म्हणाले. "जिना उतरताना दुखतो."

मी सात नंबर दाबलं. कागद यंत्रातून बाहेर आला. तो मी डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. त्यांनी वाचायला सुरुवात केली, "'रुग्णाच्या सर्व तपासण्या सामान्य आढळल्या...' सर, तुम्ही काळजीखोर आहात." आणि मग त्यांचा आवाज चिरकला. "पतीचे सहकार्य चांगले आहे."

साहेब आधी हसले. मग अध्यक्षांचा चेहरा बघून थांबले. अध्यक्षांनी तो कागद तुझ्या रिपोर्टशेजारी ठेवला आणि दोन्हींवरून बोट फिरवत गेले, ओळ न् ओळ. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. मला वाटलं, संतापाने. ते हळूच म्हणाले, "असे किती?"

मी आकडा सांगितला.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी फाईलच्या तळाची तुझी फेरीपत्रकं काढली. टाचणीही न काढलेली, शेपटे. तू लावलीस तशीच. त्या वाचत गेल्या. "इथे तिसरा दिवस. इथेही तिसरा दिवस. आणि हे सुटं पान बघा, बहिणीबरोबर दुकानापर्यंत गेल्या, तिसऱ्या दिवशी..." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते पान तू मागाहून टपालाने पाठवलं असणार.

निर्णय असा: तो रिपोर्ट फाईलमधून रद्द. फेरीवर पाठवायचं नाही, चालणं वाढवायचं नाही. नोकरी राहील. डॉक्टरीणबाई स्वतः तुझ्या घरी येऊन तपासतील. पडदा बंद ठेवूनच, असं मी टिपणात घातलं. मला आठवड्यात लेखी खुलासा द्यायचा आहे. तो देईन. सहाशे दहा क्रमांक जोडून देईन.

पण निर्णयात कारण काय लिहायचं, ह्यावर गाडी अडली. तिघंही शिकलेली माणसं, कुणाला वाक्य सुचेना. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्हीच लिहा. लिहिता ना तुम्ही?" मी लिहिलं:

'रुग्ण आजारी आहे. कारण आम्हाला माहीत नाही.'

त्यांनी दोनदा वाचलं आणि सही केली. बावीस वर्षांत असा कागद माझ्या मशीनमधून निघाला नव्हता.

नवरा अर्थातच रद्द झाला. सहकार्य चांगलं होतं बिचाऱ्याचं.

मी तुझ्या दारात येऊ का, ते तू ठरव. आले तर अनवाणी जिना चढेन, पडद्याला हात लावणार नाही, आणि तू बोलशील तेवढं ऐकेन. तीन मिनिटं बोललीस तर तीन मिनिटं.

तुझी
तायडी

ता. क. एक राहिलं. लिहिणार नव्हते, पण पहिल्या पत्रासारखं पुन्हा नको. तुझं प्रकरण संपल्यावर मी उठायला लागले, तर अध्यक्ष म्हणाले की आता दुसरा टायपिस्ट कुठून आणणार, बसा. पुढची फाईल निघाली. कुणी शिक्षिका, तीन वर्षं अंथरुणावर. अध्यक्षांनी दोन ओळी सांगितल्या आणि थकून डोळे चोळत, सवयीने, म्हणाले, "पुढे नेहमीचं."

त्यांनी लगेच जीभ चावली. डॉक्टरीणबाईंनी "सर!" म्हटलं. पण मी माझ्या हाताकडे बघत होते. माझं बोट सातावर जाऊन टेकलं होतं. मी पाठवलं नव्हतं त्याला. एवढं सगळं होऊन, तुझा आवाज ऐकून, तासाभरापूर्वी त्याच खोलीत उभी राहून, ते आपलं आपण गेलं होतं.

जेवायच्या सुट्टीत मी कागद कापायच्या सुरीने ते बटण उचकटून काढलं. पाकिटात टणक लागतंय ते तेच. तुझ्याजवळ ठेव. मी मागितलं तरी देऊ नकोस.